दिवा बारीक करणाऱ्या जावा

वायरचा तुकडा कधी फेकायचा नसतो, कुठंतरी लागतो. म्हणून आमची पिशवी जड होते. किस्स्यांचं पण तसंच. चहाला बसल्यावर एक ओढून काढावा तर त्याच्यात गुंतलेले चार बाहेर येतात! हे सगळे एकाच वर्षाचे, आमच्या डिमरच्या वर्षाचे.

मी माहेरची परळीची, लग्नाआधी आयटीआय केलेली. दिली धर्मापुरीला. वायरिंग करणारी बाई पंचक्रोशीत मी एकटीच, त्यामुळं तोरा होता आणि अजून आहे. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. गावात टँकर सुरू झाले, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटणार नाही असं पोळ्यालाच कळलं. धाकटी जाऊ संगीता माझ्यासोबत शिडी धरायला यायची, ती बघता बघता बोर्ड भरायला शिकली.

पण दसरा झाला की तिला आणि दिराला लांब ऊसतोडीला जावं लागणार होतं. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दीर एकटा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून जायला राजी होता. संगीताला पोरीची शाळा मोडायची नव्हती, आणि हातातला टेस्टर पण सोडायचा नव्हता. निकाल सासऱ्यांच्या हातात. आबा म्हणाले, दसऱ्यापर्यंत बघतो, धंदा दिसला तर राहा, न्हाईतर कोयता.

धंदा दाखवायला मी डिमर निवडला. नोकरदारांचे नवे बंगले उठले होते, दुष्काळ असला तरी पगार चालू. आबांना गोल बटण फिरवून दाखवलं.

"उजेड कमी करायला लोकं पैशे देतेत?"

देतात की, म्हटलं. आबा तंबाखू मळत म्हणाले, "मंग लोकांना उजेड लई झालाय."

*

पहिलं काम गुरुजींकडं. मी बजावून सांगितलं होतं, याच्यावर साधा एलईडी चालत नाही, डिमरवर चालणाराच बल्ब आणा. गुरुजींनी बाजारातून स्वस्तातला आणला. संध्याकाळी बल्ब डोळे मिचकावायला लागला आणि गुरुजी आमच्या दारात, तुमच्या डिमरमध्येच दोष आहे म्हणून.

संगीता गेली, आमच्या पिशवीतला बल्ब लावला. उजेड एकदम शहाण्यासारखा. गुरुजींच्या बायकोनं त्यांना शांतपणे विचारलं, सांगितलेलं न ऐकणाऱ्या पोराला तुम्ही काय करता? गुरुजी म्हणाले, बाकावर उभं करतो.

"मग व्हा उभे. उरलेले तीन बल्ब तुम्हीच बदला."

*

ग्रामसेवकाच्या आईपुढं मात्र मी हरले. ऐन दिवेलागणीला मी ऐटीत बटण फिरवलं, उजेड हळूहळू वाढायला लागला. दिवा लागला की हात जोडायचे, ही आपली रीत. म्हातारीनं हात अर्धे वर आणले. उजेड वाढला, तिनं हात खाली घेतले. आणखी वाढला, पुन्हा वर. शेवटी ती वैतागली.

"अगं, लागला का न्हाई ते एकदाच सांग. देवाला किती येळ ताटकळत ठिवू?"

आयटीआयमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. संगीतानं कानावरची पेन्सिल काढली, बटणाच्या कडेला खूण केली आणि सांगितलं, हितं आलं की जोडा. म्हातारी खूश. नंतर त्या गल्लीत डिमर बसवला की आधी खूण करून मागायच्या बाया.

*

बँकेतल्या साहेबांकडचं काम आठवलं की अजून अंगावर काटा येतो. गावात लाईट गेलेली. तरी आमच्या नियमानं आम्ही मेन स्विच पाडून बंद केला होता. माझ्या बोटांत बोर्डातल्या उघड्या तारा. इतक्यात गल्लीत ओरडा झाला, लाईट आली!

दुष्काळात लाईट आली की आमच्याकडं माणूस चपला न घालता बोअरच्या मोटरकडं पळतो, कारण बोअर किती वेळ पाणी देईल त्याचा भरवसा नसतो. साहेब बनियनवरच धावले ते थेट मेन स्विचकडं. संगीता मेन स्विचसमोर आडवी उभी राहिली. साहेब ओरडले, बाजूला हो, पाणी जाईल.

"पानी उद्या बी यील, साहेब. जाऊ कुठून आणू?"

साहेब मागं फिरून चपला शोधायला लागले. घरी आल्यावर मला रडू आलं, खरं सांगते. आणि दसरा इतका जवळ आलाय याचा राग पण आला.

*

मधे एक मजा झाली. दूध संस्थेच्या चेअरमननी बैठकीत डिमर लावून घेतला. लोक टँकरसाठी गाऱ्हाणं घेऊन आले की हे दिवा बारीक करून बसायचे. दुष्काळात झगझगाट बरा दिसत नाही, असं आम्हाला म्हणाले. एकदा बैठक माणसांनी भरलेली, आणि चेअरमनीणबाई चष्मा शोधत आल्या. त्यांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. नवा सोफा, भिंतीएवढा टीव्ही, कोपऱ्यात पाण्याचे जार एकावर एक रचलेले.

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "साहेब, बारीकच बरं हुतं. आमाला तहान तरी लागत नव्हती."

*

दसऱ्याच्या तोंडावर मुकादम आला. टोळी भरायची होती. आबांनी त्याला ओसरीवर बसवलं. आत संगीता पीठ मळत होती, तिचे हात थांबले. मी चहा टाकला, पण कान बाहेर.

मुकादम म्हणाला, धाकट्याचा कोयता टोळीत धरलाय बरं का. आबा तंबाखू मळत राहिले. संगीतानं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, संपलं.

मग मुकादम जरा सैलावला. नव्या घराची वास्तुशांत काढली होती, चेअरमनकडं बघितलं तसलं बटण बैठकीत बसवायचं होतं. तुमच्या सुनेला उद्याच पाठवा म्हणाला.

आबांनी विचारलं, "कोणच्या सुनंला?"

"कोणची बी. धाकटी तर टोळीत येतीय. थोरलीला धाडा."

आबांनी तंबाखूची चिमूट बाजूला झटकली.

"थोरली एकटी जात न्हाई. त्या दोघींचा मिळून एक कोयता हाय, मुकादम. आन् आर्धा कोयता मी कुणालाच देत न्हाई."