घोषणावाल्या मावशींची जीभ
बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या मावशींच्या जिभेत गाठ आली आणि त्यांचं बोलणं बोबडं झालं. कर्करोगाच्या धास्तीने त्या दवाखाना टाळत राहिल्या. शेवटी सुनेने हात धरून त्यांना दवाखान्यात नेलं. सर्जनबाईंनी गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या,

"कर्करोग नाही, मावशी. नसेच्या आवरणावरची साधी गाठ आहे. क्वचितच होते. अलगद सोडवून काढू."

"जीभ शाबूत राहील ना?"

"थोडी आखूड झाली तरी चालेल हं," सून म्हणाली. मावशी हसता हसता रडल्या.

गाठ काढून जखम भरल्यावर मावशी माईकसमोर बसल्या. पहिलीच घोषणा खणखणीत घुमली, तसे सगळ्या ड्रायव्हरांनी एकदम हॉर्न वाजवले.

"अरे पुरे, कान फुटतील माझे!" मावशी माईकवरूनच ओरडल्या.