तीनदा विसळलेली बाटली

जलशुद्धीकरण केंद्रात त्यांना सगळे विसळमावशी म्हणत, अगदी तोंडावर. पाण्याचे नमुने घ्यायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. बाटली हातात आली की त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मगच भरायची. साहेब बदलले, पंप बदलले, मावशींचं हे तीनदा काही बदललं नाही. घरीही तोच खाक्या. नवरा म्हणायचा, या घरात चहा संपायच्या आत कप धुवून पालथा होतो. तीस वर्षांत आपला एकही नमुना परत आला नाही, हे मावशी दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवतच.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना केंद्रात एक संशोधक मुलगी आली. क्लोरीन जंतू मारतं ते ठीक. पण पाण्यात उरलेल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी त्याची गाठ पडली की थोडी विषारी द्रव्यं तयार होतात. ती मोडायला तिने एक उंच नळी उभी केली. आत धातूचा मुलामा दिलेले काळे दाणे, वरून पाणी आणि जरासा हायड्रोजन. दाण्यांनी विष मोडायचं आणि स्वतः जसेच्या तसे राहायचं, याला उत्प्रेरक म्हणतात, असं तिने समजावलं. म्हणजे आपल्या साहेबांसारखं, मावशी म्हणाल्या, दुसऱ्यांना कामाला लावायचं आणि आपण नामानिराळं. पोरगी पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून मावशींचा अर्धा डबा तिचा झाला.

पण नळीचं काही खरं दिसेना. नळीतून निघालेलं पाणी पुढे खराब होऊ नये म्हणून त्यात पुन्हा थोडं क्लोरीन घालत. तिथला नमुना मावशी घ्यायच्या, दोन दिवसांनी तो दूरच्या प्रयोगशाळेत पोचायचा आणि अहवाल यायचा की विषारी द्रव्यं आहेतच. असं तीनदा झालं. साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारी नळी काढा. मुलीचं तोंड एवढंसं झालं. मावशींचा जीव तुटला. पण नमुन्यातच खोट असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. शिवेल तरी कशी?

रविवारी नातीला खोकला झाला. लेकीने तळाशी पूड असलेली औषधाची बाटली दिली आणि खुणेपर्यंत पाणी घालायला सांगितलं. मावशींनी बाटली उघडली, विसळली आणि पांढरं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं.

"आई, अगं औषधच धुतलंस की!"

मावशी तशाच उभ्या राहिल्या. नळीच्या नमुन्यांसाठी येणाऱ्या बाटल्यांच्या तळाशीही पांढरी पूड असायची. काय गलिच्छ बाटल्या पाठवतात मेले, म्हणून त्या जरा जास्तच खळखळून धुवायच्या. बाटल्यांच्या पेटीत सूचनांचा कागदही आला होता. तो त्यांनी न वाचता कपाटाच्या खणात अंथरला होता.

सोमवारी कुणी यायच्या आत त्यांनी खण उपसून कागद वाचला. पूड होती क्लोरीनला जागच्या जागी थांबवायला. ती नसली की क्लोरीन वाटेत, बाटलीतच, विष बनवत बसतं. आता तुम्हीच सांगा, बाटल्याच खराब आल्या असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? मावशींच्याही मनात ते आलं, खोटं कशाला बोला. तेवढ्यात फिटर पाना घेऊन आला, मागून साहेब आणि ती मुलगी. मावशी नळीसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"नळीला हात लावू नका. तिन्ही वेळा बाटल्यांतलं औषध मी धुऊन टाकलंय."

साहेब म्हणाले, लेखी द्यावं लागेल आणि ते नोंदीत राहील. मावशींनी कागद मागून घेतला, लिहिला, सही केली. मुलीकडे बघायचा मात्र त्यांना धीर होईना. तिचे तीन महिने पाण्यात गेले होते. मुलीने आत जाऊन नवी बाटली आणली आणि मावशींच्या हातात दिली.

"अजून माझ्याच हाताने?"

"दुसऱ्या कुणाचा हात मला नको, मावशी."

न विसळता बाटली भरताना मावशींची बोटं नुसती शिवशिवत होती. आठवड्याने अहवाल आला, विषारी द्रव्यं जवळजवळ नाहीतच. नळी राहिली.

निवृत्तीच्या दिवशी मावशींनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली: या बाटल्या विसळू नयेत; का, ते मला विचारा. खाली घरचा फोन नंबर. अजूनही नवीन माणूस आला की फोन येतो आणि मावशी नातीच्या खोकल्यापासून सगळं सांगतात, काहीएक न लपवता. नवरा तोवर निवांत चहा पिऊन घेतो.