आबांच्या ओसरीवरची घंटा

अख्ख्या मुळशी तालुक्यात आमच्या घरमालकांइतका शिस्तीचा माणूस दुसरा नाही, आणि दुसरा नाही हे तालुक्याचं नशीबच म्हणायचं. मी लातूरहून उरवड्याच्या कारखान्यात नोकरीला आलो आणि त्यांच्याकडे खोली बघायला गेलो, तेव्हा आबांनी जात-गाव काही विचारलं नाही. शर्टाला कॉलर आहे का, तेवढं पाहिलं. पुण्याच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांचा एक जुना क्लब आहे. तिथे आबा चाळीस वर्षं वेटर होते. निवृत्त होऊन गावी आले ते क्लब बरोबर घेऊनच. बिनकॉलरचा माणूस तिथे जेवायला बसत नाही, म्हणून आबांच्या ओसरीवरही बसत नाही. अशांसाठी खुंटीवर एक जुना कोट टांगलेला असतो. गॅसची टाकी आणणारा भर उन्हात तो कोट घालून चहा पिताना मी पाहिला आहे. पिठलंसुद्धा आबा डावीकडूनच वाढतात. डावीकडे भिंत असली तर पाहुण्याला ताटासकट उठवून फिरवून बसवतात. "भाकरी गार झाली तरी चालतंय यास्नी," आबांची बायको, आमच्या मावशी, म्हणतात, "बाजू चुकाया न्हाई पायजे!"

पण खरा जाच घंटेचा. क्लबात रिवाज असा की, टोपी न काढता जो पाहुणा आत येईल त्याच्या नावाने घंटा वाजवायची आणि हजर असतील त्या सगळ्यांना त्याने पाजायचं. आबांनी बैलाच्या गळ्यातली घंटा ओसरीवर टांगून हाच रिवाज चहावर चालू केला. आता उरवड्यात साठी उलटलेला बिनटोपीचा माणूस शोधून सापडायचा नाही. सरपंचांचे वडील लग्नाची पत्रिका द्यायला आले, अकरा जणांना चहा पाजला आणि रागारागाने पत्रिका न देताच परत गेले.

एकदा मी सहज विचारलं, "आबा, तुम्ही तर क्लबात तुऱ्याचा फेटा बांधून दिवसभर आतबाहेर करायचात. तुमच्यासाठी कितीदा वाजली?"

"ती पावन्यांसाठी आस्ती. आमी कुटं पावनं?" असं म्हणून आबा म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. विचारलं नसतं तर बरं, असं मला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात क्लबातल्या एका म्हाताऱ्या कर्नलसाहेबांनी वाढदिवसाला आबांना जेवायला बोलावलं. वाढायला नव्हे, बसायला. आठ दिवस आबांचं एकच पालुपद. "पावना म्हनून घेत्याल का मला? का जाताच ट्रे देत्याल हातात?" शेवटी मी सुट्टी काढून त्यांना माझ्या गाडीतून नेलं. बावधन येईपर्यंत त्यांनी तीनदा बूट पुसले.

क्लबाच्या दारात बघतो तर आबांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी! "आबा, टोपी," मी कानात सांगितलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या टोप्या टिपणारा माणूस ठार बहिरा झाला होता. ते तसेच आत गेले. बोलणी थांबली. घंटेपाशी आबांनीच तयार केलेला हेड वेटर उभा होता, डोक्याला तोच तुऱ्याचा फेटा. त्याने टोपीकडे पाहिलं, मग बिचारा गोंधळून कर्नलसाहेबांकडे पाहू लागला. आबा घंटेकडे बघत उभे राहिले. नाहीच वाजली, तर या माणसाला परत घरी कसं न्यायचं, हे मला कळेना.

"बघतोस काय?" कर्नलसाहेब गरजले. "पाहुणा टोपी घालून आलाय. वाजव!"

घंटा खणखणली आणि माझा जीव भांड्यात पडला. "चुकलं बगा," म्हणत आबांनी टोपी काढली आणि कोटाच्या खिशातून घरूनच आणलेल्या कोऱ्या नोटा काढल्या. चुकल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. मग ते खुर्चीत पाठ टेकून बसले.

परतताना चांदणी चौक मागे पडला. मग आबा म्हणाले, "लई दनकून वाजवली त्यानं."

"लई."

"त्याच्या डोक्यालाबी फेटा हाय. त्याच्यासाठी कोन वाजवनार?"

पुढच्या सुट्टीला तो हेड वेटर आबांकडे जेवायला आला. गावच्या रीतीप्रमाणे टोपी घालून ओसरी चढला, आणि आबांनी बैलाची घंटा अशी वाजवली की पलीकडच्या आळीतले लोक धावत आले. त्या सगळ्यांना चहा त्यालाच पाजावा लागला. तो हसत होता आणि डोळेही पुसत होता. आबांनी मात्र घंटेची दोरी बराच वेळ सोडली नाही.