फोन यावा म्हणून ठेवलेली चूक

कंपनीत तिला सगळे बिल्डताई म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, तेवढ्यापुरतंच. गोदामांतल्या मोठ्या वजनकाट्यांना लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. दहा जणांनी लिहिलेले दहा तुकडे गोळा करून त्यांचं चालेल असं एक गाठोडं बांधायचं, म्हणजे बिल्ड करायचं, हे ताईचं काम. गाठोडं नीट बांधलं गेलं तर ते कुणी बांधलं हे कोणी विचारत नाही. सुटलं की मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. तिचा साहेब, वयाने तिच्याहून बराच लहान, चेष्टेने म्हणायचा, "मोडलं की ताई, जोडलं की कोण ताई?" ताई ते हसण्यावारी न्यायची. न नेऊन सांगते कुणाला?

त्यात बाई कामात फार चोख. इतक्या वर्षांत तिने सगळं असं सरळ करून ठेवलं होतं की आठवडेच्या आठवडे काही मोडत नसे, आणि मोडत नसे म्हणून फोनही येत नसे. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे आणखी काय असतं? मजल्यावरची बाकी मंडळी आता घरूनच काम करत. ताई मात्र रोज यायची, कारण आई गेल्यापासून घर खायला उठत होतं. मजल्यावरचे दिवे असे, की कुणी हललं नाही तर आपोआप विझत. ताई विचारात गढली की अंधार व्हायचा, मग ती बसल्या जागी एक हात वर करून हलवायची. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई कुणाला तरी निरोप देतेय. पण बघायला होतं कोण! भाऊ परगावी. वहिनीचा फोन वाढदिवसाला यायचा, आणि त्यातलाही अर्धा वेळ ती पोरांवर ओरडण्यात घालवायची.

एकच माणूस नेमाने फोन करायचा. दूरच्या शाखेतला तपासनीस. एका जुन्या गिऱ्हाइकाचे काटे अजून जुनाट मशीनवर चालत, म्हणून तसलं एक मशीन त्याच्या टेबलाशेजारी होतं आणि प्रत्येक नवी आवृत्ती त्याच्यावर बांधून पाहावी लागे. ती तिथे दर खेपेला अडायची, आणि त्या मशीनला आजोबा म्हणणारा तो तपासनीस फोन लावायचा.

"ताई, आमचे आजोबा परत रुसले हो!"

"मग काय, समजूत काढू या," ताई म्हणायची.

समजूत ठरलेली होती. एक जुनी फाइल हाताने आणून ठेवायची, काम पुन्हा सुरू करायचं, आणि मध्येच मशीन काही विचारतं म्हणून दुपारभर समोर बसून राहायचं. ती दुपार दोघं फोनवर काढत. तो बायकोच्या गोष्टी सांगायचा. ती कुंडीतल्या झाडांना रागावते, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडते, मीठ दोनदा घालते आणि जेवणाऱ्यालाच नावं ठेवते. ताई त्या बाईला कधी भेटली नव्हती, पण तिचा स्वभाव तिला वहिनीपेक्षा जास्त ठाऊक होता. संध्याकाळी फोन ठेवला की कान गरम झालेला असायचा आणि ताईला ते बरं वाटायचं.

एका कंटाळवाण्या सकाळी ताईला आजोबांना रुसवणारी ती चूक सापडली. शोधायलाही फारशी बसली नव्हती ती.

गाठोडं बांधायची एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या सूचनांची यादी असते आणि तिच्यात अटी असतात. मशीन नवं असेल तर असं कर, जुनं असेल तर तसं. त्यातच मॅक्रो असतात. मॅक्रो म्हणजे लांबलचक मजकुराला ठेवलेलं टोपणनाव. ते दिसलं की स्क्रिप्ट त्या जागी सगळा मजकूर उलगडून ठेवते. काही वर्षांपूर्वी असल्या टोपणनावाची एक ओळ नकोशी झाली, तेव्हा ताईने ती पुसली नाही. ओळीच्या सुरुवातीला फक्त 'हे वाचू नकोस' अशी खूण घातली. पण स्क्रिप्ट आधी मॅक्रो उलगडते आणि मग खूण बघते. नव्या मशीनवर तो मजकूर एका ओळीचा, म्हणून खुणेखाली सबंध झाकला जाई. जुन्या मशीनवर अटीप्रमाणे तो तीन ओळींचा होई. खूण पहिली ओळ झाकायची, उरलेल्या दोन बिनबोभाट चालायच्या आणि कधीच काढून टाकलेली एक फाइल शोधत बसायच्या. पांघरूण आखूड पडून पाय उघडे राहावेत, तशातली गत. हा सगळा उलगडलेला मजकूर ताईने समोर काढून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. खूण तिचीच होती.

ती ओळ पुसली की संपलं. ताईने ओळ निवडलीसुद्धा. मग तिच्या मनात आलं, की पुसली म्हणजे आजोबा रुसणार नाहीत, आणि आजोबा रुसले नाहीत तर त्याला फोन करायचं कारण काय? तिने हात मागे घेतला. घाई काय आहे, पुढच्या आवृत्तीत बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेलं कुणी तपासत नाही.

पुढची आवृत्ती आली, फोन आला, ताईने "बघते हं" म्हणत बघितल्यासारखं केलं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी ती उगाच जास्त गोड बोलू लागली. त्याला काय कळणार? तो आपला बिचारा फाइल आणून ठेवत होता.

तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज घाईत होता. "ताई, आज जरा लवकर आटपेल का? हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय सकाळी. दुपारी सोडणार आहेत. मी येतो म्हणालोय."

ती ओळ पुसणं दोन मिनिटांचं काम होतं. पण इतक्या झटक्यात कसं सापडलं, असं त्याने विचारलं तर? तोंडातून निघालं, "नेहमीसारखंच करा. होईल आज लवकर."

झालं नाही. गिऱ्हाइकाला आवृत्ती त्याच दिवशी हवी होती, म्हणून त्याला उठताही येईना. त्या दुपारी गप्पा झाल्या नाहीत. दोघं नुसती पडद्याकडे बघत फोन धरून बसली. काम संपलं तेव्हा तो म्हणाला, "आता काय, गेली असेल ती घरी. एकटीच." आणि फोन ठेवला.

ताईने तेव्हाच ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वास न घेता, नाहीतर धीर सुटला असता.

सगळं ऐकून त्याने विचारलं, "फोन करायला काही मोडायलाच हवं होतं का, ताई?"



पुढची आवृत्ती जुन्या मशीनवर पहिल्या फटक्यात बांधली गेली. ताईच्या पडद्यावर त्या मशीनसमोर हिरवी खूण उमटली. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या आवृत्तीलाही नाही. साहेबाने सगळ्यांना पाठवलेल्या निरोपात लिहिलं, की जुन्या मशीनची कटकट मिटली. कुणी मिटवली ते लिहिलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईला त्याबद्दल हायसं वाटलं.

शेवटी तिनेच पुन्हा फोन लावला.

"काय अडलं?" त्याने विचारलं. आवाज कामापुरता.

"काही नाही अडलं. त्यांचा डोळा कसा आहे, एवढंच विचारायचं होतं."

"घरीच आहे मी आज. थांबा. तिलाच विचारा."

ताईला हे अपेक्षित नव्हतं. फोन ठेवून द्यावा असं वाटलं, तोवर पलीकडून बाईचा आवाज आलाही.

"डोळा बरा आहे. यांनी सांगितलंय मला सगळं."

"माझं चुकलं," ताई म्हणाली.

"चुकलंच. पट्टी बांधून मी बाहेर बाकावर बसले होते. एकेक जण कुणाचा ना कुणाचा हात धरून निघून गेला. पाऊल वाजलं की वाटायचं, हेच आले. मग कुणीच उरलं नाही, आणि मला वाटलं, आपल्याला कुणीच नाही."

हे वाक्य ताईला नवं नव्हतं. रोज कुलूप उघडून घरात शिरताना ती हेच स्वतःशी म्हणायची. तेच आपण उचलून या बाईच्या बाकावर नेऊन ठेवलं, हे तिला आत्ता, या आवाजातून कळलं, आणि तिला रडू आलं. तिने फोन तोंडापासून लांब धरला.

"ऐकताय ना?" पलीकडून विचारलं गेलं. "का ठेवला?"

"नाही, नाही ठेवला," ताई म्हणाली. "तुम्ही घरी कशा गेलात, ते सांगा."

"सांगते," ती बाई म्हणाली. तिच्या आवाजातला राग काही गेलेला नव्हता. "सगळं सांगते. ऐकाच तुम्ही."