दोन सीटांची लाल गाडी

सिद्धेश्वर धरणावर पाटबंधारे खात्याची जीप हिरासिंग राठोडनं अठ्ठावीस वर्षं चालवली. साहेब बदलत गेले, ड्रायव्हर तोच राहिला. उन्हाळ्यात जीपचा कापडी टप गुंडाळून तो धरणाच्या भिंतीवरून गाडी काढायचा, तेव्हा पाण्यावरचा वारा थेट छातीला लागायचा. पण त्या जीपमध्ये त्यानं आपल्या बायकोला, पारुबाईला, एकदाही बसवलं नाही. गाडी सरकारी होती.

पोरालाही नाही. शहाण्णव साली सतरा वर्षांच्या दीपकनं खुंटीवरची किल्ली काढली आणि जीप भिंतीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. गाडीला ओरखडाही आला नव्हता. तरी हिरासिंगनं साहेबासमोर, सगळ्या स्टाफसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगं रडलं नाही. किल्ली बापाच्या हातात देऊन ते चालत निघून गेलं, ते परत आलंच नाही. सुरतेला कोणी पाहिल्याचं कळलं, तेव्हा हिरासिंग आठ दिवस तिथल्या कारखान्यांच्या गेटांवर फोटो दाखवत फिरला. कोणी ओळखलं नाही. पारुबाईनं त्या थापडेचा विषय कधीच काढला नाही. तेच त्याला जास्त लागायचं.

दोन हजार तीनला रिटायर होऊन तो औंढ्याजवळच्या आपल्या तांड्यावर राहायला आला. पेन्शनच्या कामाला हिंगोलीला गेला असताना, जुन्या गाड्या विकणाऱ्या अमृतरावांच्या आवारात त्याला ती लाल गाडी दिसली. बसकी, दोन दारांची, टप मागं दुमडणारी. कुण्या ठेकेदाराच्या मुलानं हौसेनं आणली होती आणि वर्षभरात कंटाळून विकायला लावली होती.

"स्पोर्ट कार हाय, हिरासिंग," अमृतराव म्हणाले. "पण दोनच सीटा. लेकराबाळाचा माणूस घेत न्हाई, म्हणून जीपपेक्षा स्वस्तात देऊन राहिलो."

हिरासिंग आत बसला. शेजारच्या सीटवर पारुबाई बसली आहे, पदर सावरते आहे, असं त्याला दिसलं. "आठ दिवस थांबा," म्हणून तो घरी आला.

पारुबाई ज्वारी निवडत होती.

"तुला धरणाच्या भिंतीवरून नेतो," तो म्हणाला. "आता आपली गाडी. कोणाला विचारायचं न्हाई."

"या वयात? लोक हसतील न." पण हसली तीच.

"हसू दे."

"किती माणसं बसतेत?"

"दोघं. आपण दोघंच तर हाओत."

तिचा हात सुपातच थांबला. "अन् दीपक आला तर? त्याला कुठं बसवता?"

दुसऱ्या दिवशी जाऊन हिरासिंग अमृतरावांना नाही म्हणून आला.

पुढच्या वर्षी डोंगरकड्याला नात्यात लग्न होतं. तिथं एका बाईनं दुसरीला पारुबाईची ओळख करून दिली, "ह्यांना लेकरू न्हाई." पारुबाईनं ते खोडून काढलं नाही. परतताना एसटीत मात्र तिनं विचारलं, "ती लाल गाडी हाय का अजून?"

"काहून?"

"घेऊन टाका. दोघांनाच बसायचं हाय."

तिचा आवाज साधाच होता. इतकी वर्षं तिचं वाट पाहणं हिरासिंगला बोचत होतं. ती वाट पाहायची थांबली तर काय, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तो हिंगोलीला गेला. गाडी तिथंच उभी होती, धुळीनं भरलेली. अमृतराव म्हणाले, "अजून कमी करतो. घेऊन जा एकदाची." हिरासिंग आत बसला, पण त्याला शेजारच्या सीटकडं बघवेना. तो उतरला.

"न्हाई जमत, अमृतराव."

"पैशाची तकलीफ हाय का?"

"पैसे हाएत," म्हणून तो चालू लागला.

घरी पारुबाई कापूस वेचायला निघाली होती. "विकली गेली," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

पारुबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि कमरेला कापसाची ओटी बांधून शेताकडं गेली.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत हिरासिंगनं कधी कापूस वेचला नव्हता. त्या दिवशी तो तिच्या मागं गेला आणि शेजारच्या ओळीत वाकला. बराच वेळ दोघं वेचत राहिले. मग पारुबाईनं मान वर केली.

"मागं बोंडं सुटून राहिली तुमची," ती म्हणाली. "दमानं वेचा."

तो मागं फिरला आणि सुटलेली बोंडं वेचू लागला.