भुऱ्या माझ्यासाठी थांबायचा

तोंड सुजून भोपळा झालेला माणूस जनावरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला पाहिला आहे का कधी? नाही ना? मग चहा हळूहळू प्या, तो माणूस मीच. हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. पण आधी पुरतं ऐकून घ्या, कारण माझं तोंड सुजलं त्याचं काही नाही. त्या मुक्या जीवानं काय काय सोसलं, ते माझ्या मनातून अजून जात नाही.

आम्ही चिमूरकडचे, जातीनं ढिवर. गावाला मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला मोठा तलाव आहे, त्याच्यावर आमचं पोट. सकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून चालत जायचं, डोंग्यात बसायचं, आदल्या सांजेला टाकलेलं जाळं ओढायचं. तेव्हा गावात फोन एकाच घरी होता आणि मोटारगाडी एकाही घरी नव्हती.

भुऱ्या माझा कुत्रा. रंग भुरा म्हणून भुऱ्या. मी पाण्यात आणि तो काठावर. मासळीच्या टोपलीजवळ असा बसायचा, की कावळ्याची काय बिशाद! एखादी मरळ उडी मारून टोपलीबाहेर पडली तर तिच्यावर पाय ठेवून मला हाक द्यायचा. पण तोंड लावायचा नाही. माणसात एवढं इमान मी पाहिलं नाही, आणि माणसं मी पुष्कळ पाहिली.

पाळीवर तो नेहमी माझ्यापुढं धावायचा. त्या हिवाळ्यात मात्र वेगळंच झालं. माझा उजवा गुडघा धरला होता. मी कोणाला सांगितलं नाही. दुखणं सांगितलं की घरचे जाळं हातातून काढून घेतात, मग माणसानं करायचं काय, ओसरीवर बसून माशा मारायच्या? आणि नेमका त्याच दिवसांत भुऱ्या थोडं पुढं जाऊन बसायला लागला. मी गाठलं की माझ्याकडं पाहायचा, सावकाश उठायचा, थोडं चालायचा, पुन्हा बसायचा.

मला काय वाटलं असेल, सांगा बरं?

मला वाटलं, हा माझ्यासाठी थांबतो! घरच्या माणसांना कळलं नाही ते याला कळलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. गावभर सांगत सुटलो, की माझा कुत्रा माझी वाट पाहत चालतो.

सांगितलं तिथंच फसलो. दुसऱ्या दिवशी पारावर बसलेला गावातला लहानू ओरडला, "डोमाभाऊ, कुत्र्याले कीव येऊन राह्यली तुमची! आता जाळं ठेवा अन् देवाचं नाव घ्या!"

सगळे हसले. मी घरी गेलो, पण ते मनाला लागलं. कुत्र्यानं माझी कीव करावी? मी ठरवलं, याला दाखवून द्यायचं की मालक अजून धडधाकट आहे. दुसऱ्या सकाळी पाळीवरून मी असा ताठ निघालो, की गुडघ्यात सुया टोचत होत्या आणि मी गाणं गुणगुणत होतो. भुऱ्या बसला की मी म्हणायचो, "ऊठ बे! माझ्यासाठी थांबू नको. मले काई नाई झालं!"

आणि तो उठायचा. मागचे पाय थरथरायचे, तरी उठायचा. मी झपाझप पुढं, तो मागून. मी मनात म्हणायचो, बघ, कसा मागं टाकला!

आमची बुडी, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, "अवो, त्या कुत्र्याचं काईतरी दुखून राह्यलं."

"काई दुखत नाई," मी म्हटलं. "दुखलं असतं तर केकाटला नसता? गेल्या साली काटा रुतला तं सारा मोहल्ला जागा केल्ता त्यानं."

"मंग ओट्यावर काऊन चढत नाई?"

"अक्कल आली त्याले. मानसानं बसाच्या जागी बसू नाई, हे समजते त्याले आता."

"अन् खुब्याजवळ सारखा चाटते ते?"

"साफसफाई करते."

"लेकरानं पाठीवर हात ठेवला तं गुरगुरला तो. भुऱ्या! लेकरावर!"

"वय झालं, थोडा रुबाब तं येनारच!"

बघा, उत्तर प्रत्येकाला तयार होतं माझ्याकडं. शाळेची पायरी चढलो नाही, पण उत्तरं पाठ.

मग एका सकाळी पाळीच्या मधोमध भुऱ्या बसला तो उठलाच नाही. मी हाक दिली. शेपटी हलवली, उठला नाही. दटावलं. पुढच्या पायांवर जोर दिला, मागचं अंग जमिनीवरच. ओरडला मात्र नाही. नुसता माझ्याकडं पाहत राहिला, जसा त्याचाच काही गुन्हा झाला होता.

तेव्हा मात्र माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. खांद्यावर घालून घरी आणला. माझा गुडघा काय म्हणत होता ते विचारू नका.

अंगणात लोक जमले. कोणी म्हणे, लकवा मारला. कोणी म्हणे, याचे दिवस भरले आता, जंगलात सोडून या, वाघाच्या पोटात तरी जाईल. बुडीनं त्या माणसाकडं असं पाहिलं, की तो चहा न पिताच गेला. लहानू मात्र पुढं आला. गावच्या बैलांची दुखणी तोच पाहायचा. त्यानं भुऱ्याचा खुबा दाबून पाहिला. भुऱ्यानं त्याचा हात चाटला.

"खुबा धरला, भाऊ. बैलाचा धरला तं आपन बिबा लावतो, याले बी लावा. दोन दिसांत पळते."

बिबा तुम्हाला माहीतच आहे. काळं फळ, तापवलं की तेल सुटतं, आणि ते कातडीवर पडलं की आग. आमच्याकडं माणसाच्या पायाच्या भेगेपासून बैलाच्या खुब्यापर्यंत सगळ्यांना हेच औषध. बैलाची कातडी जाड, त्याला चालतं. पण कुत्र्याची जीभ त्याच्या खुब्यापर्यंत पोचते, हे लहानूला सुचलं नाही. आणि मला? मी तर त्याला रोज चाटताना पाहत होतो!

मी बिबा तापवला, चांगला सढळ हातानं लावला. भुऱ्या तेव्हाही ओरडला नाही. काम झाल्यावर मला घाम आला होता. त्याच हातानं तोंड पुसलं. वरून उरलेला बिबा आपल्या गुडघ्यालाही चोळला. म्हटलं, वाया कशाला घालवायचा?

पुढचं तुम्हीच ओळखा. दुसऱ्या सांजेपर्यंत माझे डोळे सुजून फटीएवढे झाले, ओठ फुगले. बुडी मला पाहून किंचाळली आणि आग शमवायला खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. आणि भुऱ्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला, तोंडातून लाळ, जीभ सोललेली, खुब्यावर फोड. पाण्याजवळ जायचा, जीभ लावायचा, मागं सरायचा.

तेव्हा एकदा, फक्त एकदा, तो बारीक कण्हला. आजही तो आवाज कानात आहे.

लहानूनंच बंडी जुंपली. मी बंडीत भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. मनात एकच, हा गेला तर त्याला मी मारलं.

दवाखान्यात कंपाउंडरनं मान वर केली, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, मानसाचा दवाखाना तिकडं, चौकाच्या पलीकडं."

"माझ्यासाठी नाई जी. कुत्र्यासाठी आलो."

त्यानं भुऱ्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. "पक्कं ना?"

डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या नातीसारखी. रागावेल म्हणून मी हात जोडूनच उभा. ती रागावली नाही. जखमा धुतल्या, एक सुई दिली. मग खाली फरशीवर बसली आणि भुऱ्याचा मागचा पाय हळूच हलवला. त्यानं तिचाही हात चाटला.

"पाहा जी, दुखत नाई त्याले," मी म्हटलं. "हात चाटते."

"बाबा, दुखतं म्हणूनच चाटतो आहे. पुरे करा म्हणतो आहे." ती म्हणाली, "अचानक लागलं की जनावर ओरडतं. पण रोजचं दुखणं असलं की ते गप्प राहतं. चालणं कमी करतं, चढणं सोडतं, एकच जागा चाटत बसतं. कोणी हात लावला की गुरगुरतं. असं काही दिसलं होतं का?"

आता काय सांगणार होतो मी तिला? अक्कल आली, साफसफाई करतो, रुबाब आला, असं सांगू? मागून लहानू हळूच म्हणाला, "सारं दिसलं होतं, बाई. समजलं नाई."

तिनं नीट सांगितलं. सांधे झिजलेत, हे पूर्ण जायचं नाही, पण दुखणं कमी ठेवता येतं. गोळी जेवणावर द्यायची. माणसाची गोळी चुकूनही नाही, त्यानं कुत्रा जाईल. निजायला जाड पोतं, थंडीत ऊब. चालणं थोडं थोडं, मधे विसावा. "आणि घाई अजिबात करायची नाही," ती म्हणाली.

मी उठायला गेलो तर गुडघ्यावर हात गेला. तिनं पाहिलं. "बाबा, हा गुडघा कधीपासून?"

"कोनता गुडघा?" मी म्हटलं.

ती भुऱ्याकडं बघून हसली फक्त.

भुऱ्या जगला. जीभ भरून आली, फोड सुकले. गोळीनं आणि उबेनं हळूहळू चालायला लागला. आता पाळीवर मी त्याच्यासाठी थांबायचो. कोणी विचारलं, भाऊ, काऊन थांबले, तर मान ताठ करून सांगायचो, "कुत्र्यासाठी थांबलो. डॉक्टरीणबाईनं सांगतलं आहे." गुडघ्याची लाज कायमची झाकली गेली! एवढं सोयीचं औषध मला कोणी दिलं नव्हतं.

असा दीडेक हिवाळा गेला. भुऱ्यानं पुढं तलावाकाठीच डोळे मिटले, टोपलीजवळ. शांतपणे गेला. पण त्याच्या आधीची एक सकाळ सांगतो आणि चहा संपवतो.

ऊन कोवळं होतं. मी पाळीवर दगडावर बसलेलो, गुडघा चोळत. लहानू समोरून आला.

"काऊन बसले, डोमाभाऊ?"

"कुत्र्यासाठी थांबलो, बापा. चालवत नाई त्याच्यानं."

लहानूनं मागं वळून पाहिलं, मग माझ्याकडं.

"भुऱ्या तं डोंग्याजवळ बसून आहे, भाऊ. कधीचा वाट पाहून राह्यला तुमची!"