चंद्रावर जाणाऱ्याचं माप

आधीच सांगून टाकतो, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून हातात सुई आहे. भारी शब्द मला येत नाहीत, आणि ग्वाल्हेरची मराठी बोलता बोलता कधी हिंदीत उतरेल याचा नेम नाही. पण इंदरगंजातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात किस्से साचतात ते कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या साचतात तसे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत तेवढ्याच. त्यातल्या थोड्या इथे जोडतोय. सगळ्या एकाच ताग्यातल्या आहेत: माणसाने आकाशापलीकडे जावं का, आणि त्यासाठी एवढा पैसा घालावा का? शिंप्याच्या दुकानात हा विषय कुठून आला, असं विचारू नका. काही वर्षं आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता.

दुकान आबांचं. आबांनी आणि त्यांच्या वडिलांनी संस्थानाच्या काळात दरबारी कोट शिवले. संस्थान विलीन झालं, दरबार गेला, पण आबांची सवय गेली नाही. गिऱ्हाईक वकील असो की मोठा साहेब, माप घेताना आबा त्याला एकच वाक्य म्हणणार, "ताठ उभे राहा. कोट माझा आहे."

दारातल्या खुर्चीवर रोज बापूसाहेब बसायचे. दरबारात कोण कुठे बसणार, कोण आधी मुजरा करणार, हे ठरवण्याच्या खात्यात त्यांची उभी नोकरी झाली. पेन्शनीत ते आमच्या दुकानात पेपर मोठ्याने वाचायचे. माझ्या शेजारच्या मशीनवर रामसेवक, बिड़ला नगरचा, मराठी सगळी समजायची, बोलायचा हिंदी.

आणि मी दत्तू. शिवतो बरा, बोलत नाही. गिऱ्हाईक आलं की मशीनमागे मान घालतो. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाचं माप घेतलं नव्हतं, कारण माप घ्यायचं म्हणजे त्याच्याशी बोलावं लागतं.

* * *

रशियाने पहिला उपग्रह सोडला तेव्हा पेपरात आलं की तो संध्याकाळी आपल्यावरूनही जाईल. सगळं लश्कर, म्हणजे आमचा शहराचा भाग, फूलबागेत जमला. बापूसाहेब अचकन आणि पगडी घालून आले.

आबा म्हणाले, बापूसाहेब, लग्न कोणाचं?

"पहिल्यांदाच आपल्यावरून जातोय. बोडक्या डोक्याने बघायचं?"

अंधार पडू लागला आणि पूर्वेकडे एक दिवा हळूहळू सरकताना दिसला. बापूसाहेबांनी कमरेत वाकून शिस्तीत मुजरा केला. त्यांना बघून मागच्या सगळ्या जुन्या दरबारी मंडळींनी केला. अशी रांग मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. तेवढ्यात दिव्याने गोता खाल्ला आणि समोरच्या लिंबावर अडकला. पतंगाच्या दोरीला बांधलेला कागदी कंदील होता.

बापूसाहेबांनी शांतपणे पगडी सारखी केली. "मुजरा वरच्या दिशेने गेलाय. पुढे पोचेल."

लोक पोट धरून हसत होते, आणि तेवढ्यात खरा डोक्यावरून गेला. मी पाहिला, कारण मी बोलत नव्हतो. सांगायचं तर ओरडावं लागलं असतं. नाही सांगितलं.

* * *

थोड्याच दिवसांत रशियाने एक कुत्री वर पाठवली. बापूसाहेबांनी ती बातमी खड्या आवाजात वाचली, पण शेवटी शेवटी आवाज उतरला. तिला परत आणायची सोय नव्हती.

आबा बनियनवर बसून काज करत होते. म्हणाले, म्हणूनच सांगतो, हा खर्च वाया आहे. मग त्यांनी वडिलांची रीत सांगितली. संस्थानाची पलटण लढाईवर जायची तेव्हा वर्दी आमच्याच दुकानात शिवली जायची. जाणाऱ्याच्या कोटाचं शेवटचं बटण आबांचे वडील कच्च्या टाक्याने लावायचे, पांढऱ्या दोऱ्याने. लढाईवरून आला की त्याने दुकानात यायचं, बटण पक्कं करून घ्यायचं. ही रीत पलटणीत सगळ्यांना ठाऊक होती. काही लोक स्टेशनवरून घरी न जाता आधी दुकानात यायचे.

बापूसाहेब म्हणाले, आबा, हे विज्ञान आहे. त्यात बळी जातात.

"जात असतील," आबा म्हणाले. "पण तिच्या पट्ट्याला कोणी कच्चा टाका ठेवला होता का?"

बापूसाहेबांनी पान उलटलं आणि बाजारभाव वाचायला घेतले.

* * *

बापूसाहेब मात्र मागे हटले नाहीत. त्यांचं म्हणणं, नुसतं जाऊन येण्यात काय आहे, माणसाने चंद्रावर वस्ती करावी. आपले पूर्वज दक्खन सोडून इथे आलेच ना? तेव्हाही घरचे म्हणाले असतील, नर्मदेपलीकडे आपलं कोण आहे. आज बघा, गल्लोगल्ली गणपती बसतो. उद्या चंद्रावर बसेल. खर्चाचं काय घेऊन बसलात!

ते बोलायला लागले की रस्त्यावरची माणसं थांबायची. मला तर ऊर भरून यायचा. आपणही कधीकाळी कुठून तरी निघालेल्या माणसांचे नातू आहोत, हे शाळेत कोणी असं सांगितलं नव्हतं.

इकडे संस्थानाचा मध्यभारत झाला होता आणि मध्यभारताचा मध्यप्रदेश. राजधानी भोपाळ. इथल्या कचेऱ्या एकेक करून तिकडे निघाल्या होत्या. एक दिवस बापूसाहेबांच्या मुलाची बदलीची ऑर्डर आली. त्या दिवशी बापूसाहेबांनी पेपरची घडीसुद्धा मोडली नाही.

म्हणाले, भोपाळात काय आहे? पाणी कसं, शेजार कसा, कशाचा पत्ता नाही. श्रावणात सत्यनारायण घालायचा तर मराठी भटजी कुठून आणायचा?

रामसेवकाने मशीन थांबवलं नाही. तसाच खाली बघत म्हणाला, "चाँद पे मिल जाएगा, बापूसाहब?"

* * *

हसलो खरे, पण भोपाळ आमच्याही गळ्याशी आलं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे कचेऱ्यांतले साहेब. ते गेले तसं दुकान रिकामं झालं. चार मशीनांपैकी दोन झाकून ठेवली. गिऱ्हाइकामागे भोपाळात जाऊन कोणीतरी दुकान मांडायला हवं होतं. आबांचे गुडघे धरलेले, रामसेवकाची पोरं बिड़ला नगरात शिकणारी. उरलो मी. माझ्याकडे कोणी बघितलं की मी सुईत दोरा ओवायचो.

रामसेवकाने उपाय काढला. रशियावाले आधी यंत्रच पाठवतात, माणूस कशाला? आपणही माप चिठ्ठीने मागवू आणि कोट पार्सलने पाठवू. अंगावर माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा आबांच्या घराचा नियम. तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

एका जुन्या साहेबांचं माप आलं. झालं असं की साहेबांना आबांचे कोट अंगाबरोबर बसतात हे ठाऊक, म्हणून त्यांनी माप थोडं सैल सांगितलं. लिहून घेताना बाईसाहेबांना वाटलं, हे सरकारी जेवणं जेवून सुटणार, त्यांनी आणखी वाढवलं. आणि आबांना वाटलं, बायकामाणसाने घेतलेलं माप, हात आखडला असेल. त्यांनीही शिवणीत भरपूर सोडलं.

कोट पार्सलनेच परत आला, सोबत साहेबांची चिठ्ठी: "कोट पोचला. मी आणि माझा चपराशी, दोघेही आत मावतो. दोघांच्या वतीने आभार."

रामसेवक हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला. आबा हसले नाहीत. या दुकानाचा कोट आजपर्यंत कधी परत आला नव्हता. संध्याकाळी फळ्या लावताना एवढंच म्हणाले, "माणूसच पाठवावा लागणार."

* * *

पण त्यानंतर आबा मला जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. स्वतः मुलाबरोबर न गेलेले बापूसाहेब खुर्चीतून मला हळूच म्हणायचे, अरे दत्तू, जा. तू गेला नाहीस तर हे दुकान इथेच संपेल. मी मान हलवायचो. भोपाळात दुकान म्हणजे रोज गिऱ्हाईक, रोज माप, रोज बोलणं, आणि मशीनमागे लपायचं तर पुढे उभं राहायला आबा नाहीत. चंद्र मला जवळचा वाटायचा.

मग ती एप्रिलची दुपार आली. समोरच्या हलवायाकडे रेडिओ होता. तिथून बापूसाहेब पायात चपला न घालता, तापल्या रस्त्यावरून धावत आले. रशियाने माणूस पाठवला होता. पृथ्वीला वळसा घालून आला म्हणे.

रामसेवक उठून उभा राहिला. आबा टेबलाशी होते. त्यांनी विचारलं, "परत आला का?"

"आला."

"जिवंत?"

"चालतोय, बोलतोय, आबा."

आबांनी चष्मा काढून पुसला. मग आतल्या खोलीत गेले आणि जुन्या पेटीतून निळी लोकरी बनात घेऊन आले. दरबारी कोटांच्या कापडातला तो शेवटचा तुकडा. तो कोणासाठी ठेवलाय, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बापूसाहेबांचा जुना हुद्दा जागा झाला. म्हणाले, आबा, ही दरबारची बनात आहे, ही घालून बसायचं कुठे याचे नियम होते.

"भोपाळात सगळ्या जागा अजून रिकाम्या आहेत," आबा म्हणाले. त्यांनी गळ्यातली फीत काढली आणि माझ्याकडे वळले.

"दत्तू, इकडे ये. ताठ उभा राहा. कोट माझा आहे."

मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत माझं माप कोणी घेतलं नव्हतं. रामसेवक आकडे लिहून घेत होता आणि बापूसाहेब दारात पाय चोळत होते, जळले होते बिचाऱ्यांचे.

कोट पुरा झाला त्या संध्याकाळी आबांनी मला आणि रामसेवकाला लवकर घरी पाठवलं. बटणं मी लावतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोपाळच्या गाडीत बसलो. समोरच्या बाकावरचे गृहस्थ पंख्याने वारा घेत म्हणाले, "भैया, इस गर्मी में कोट? उतार लो." मी लाजलो, पण उत्तर दिलं. म्हटलं, नहीं साब, ठीक है. मग खाली बघून एकेक बटण लावत गेलो, अगदी वरपासून. शेवटच्यापाशी आलो, पांढरा दोरा दिसला, आणि तेवढं एक सोडून दिलं.